अकराव्याचा मान

२० नोव्हेंबर १९७८, सोमवार

प्रौढ शिक्षणाच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या, साळूबाई, रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर आलेलं अक्षर निघून जाईल. मी म्हटलं, बाई, मी दुसरी शिकलेली हाय, तीपण शाळेच्या बाहेर ओट्यावर बसून. भिंतीपलीकडनं जे अक्षर माझ्यापर्यंत आलं ते आता कुठं निघून जातंय? बाई म्हणाल्या, मग चारच्या जागी चाळीस लिहा. वही दिली. म्हणून लिहिते. कुणी वाचणार नाही हे बरं, कारण मला खरं लिहायची खोड आहे.

काल आपण कराचीला क्रिकेट हरलो. हरायचंच होतं तर एवढ्या परक्या मुलखात कशाला जायचं? इथं मुळशीत येऊन हरले असते तर मी भाकरी तरी घातली असती. माझ्या अंगणात बारा-पंधरा पोरं बसलेली, सगळी सुतकात. ट्रान्झिस्टर माझा. माझा लेक मुंबईला गोदीत आहे, त्याने पाठवलाय. पाटलाच्या घरीही एक आहे, पण त्याच्यावर क्रोशाचं फडकं घालून तो कपाटावर ठेवलाय, पाहुणे आले की दाखवतात. वाजतो तो माझा. त्यामुळे रेडिओवर टेस मॅच लागली की निम्मं गाव आमच्या बौद्ध वस्तीत. एरवी इकडं यायचं म्हटलं की ह्यांच्या पायात काटे मोडतात.

जयसिंग तर रोज येतो. हैबतराव पाटलांचा थोरला. आत जाऊन स्वतःच्या हाताने खुंटीवरचा निळ्या काठाचा कप काढतो आणि चहा मागतो, एकदा पिऊन परत मागतो. पाटलांना माहीत नाही. मी सांगत नाही. चहा माझा, चोरी त्याची.

माझा नातू भिवाजी आणि तो, दोघं नदीच्या वाळूत एका बॅटीवर वाढले. भिवाची आई लवकर गेली, बाप मुंबईला, त्याला मीच वाढवला. तो कसा खेळतो हे मी सांगितलं तर आजीचं कौतुक होईल. एवढंच लिहिते, की तो खेळायला लागला की बाकीची पोरं चेंडू आणायला ओढ्याच्या पलीकडे जाऊन बसतात, आधीच.

२६ नोव्हेंबर, रविवार

भात झोडून झालं. म्हणजे आता आमची टेस. दरसाल शेजारच्या मुठा गावाच्या टीमशी दोन दिवस सामना, दोन्ही गावं दोन-दोनदा खेळतात, म्हणून आमच्यात तिला टेसच म्हणतात. कापलेल्या भाताच्या खाचरात खळ्यासारखी जमीन चोपायची की झालं मैदान. दरसाल आपण हरतो. लोक म्हणतात, आपली बॅटिंग कच्ची. कच्ची नाही, ती देवाधर्माची आहे.

ते असं. भैरवनाथाच्या जत्रेत मानाचे विडे देतात ना, पहिला पाटलाच्या घराला, दुसरा कुशाबाच्या घराला, मग तिसरा, चौथा, अशी दहा घरं. त्याच क्रमाने बॅटिंगला जायचं. आधी विडा, मग बॅट. ज्याच्या घराला पहिला विडा तो पहिला गडी, मग त्याला बॅट कुठल्या बाजूने धरायची हे ठाऊक असो वा नसो. हैबतराव म्हणतात, क्रम मोडला तर भैरवनाथ कोपेल. इतकी वर्षं आपण हरतोय, तेव्हा तो काय प्रसन्न आहे?

आता आमचं. छप्पन साली आम्ही बाबासाहेबांच्या मागून गेलो आणि गावकीची कामं टाकली. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा घेऊन गावोगाव पळायचं, असे आमचे मान होते. ते आम्ही परत केले, कुणी रडलं नाही. तर कुशाबा म्हणतो, तुमी मान टाकलाय, आता तुमाला नंबर कुठनं द्यायचा? पण क्रिकेटला अकरा गडी लागतात असा इंग्रजांचा नियम, आणि गावात विडे दहा. म्हणून अकरावा भिवा. इंग्रज गेले, पण आमच्यासाठी एक जागा ठेवून गेले.

अकराव्याला विडा नसतो. भिवा म्हणतो, "आज्जे, पान खाऊन त्वांड रंगतं, बॅट न्हाई."

३ डिसेंबर, रविवार

आज भिवा पळतच आला. रोजगार हमीवर खडी फोडतो, एरवी पळायचं त्राण नसतं. मॅट्रिक झालेलं पोर खडी फोडतंय, आणि खडी फोडून झालेल्या रस्त्यावरनं नोकरीवाले गाडीतनं जातात.

मुठ्याच्या एका घरचा जावई पिंपरीकडे कारखान्यात मोठा साहेब आहे. कारखान्याची क्रिकेटची टीम आहे, आणि त्यांना चांगला बॅटवाला पाहिजे. जो आवडेल त्याला कायमची नोकरी. साहेब नाताळच्या सुट्टीला सासरी येणार, आणि आमच्या टेसच्या दुसऱ्या दिवशी सामना बघणार. पण तीनच्या एस.टी.ने परत जाणार.

"मग खेळ की चांगला," मी म्हटलं.

"कवा खेळू आज्जे? माजा नंबर येईस्तोवर सायेब पौडला पोचलं असंल. न्हाईतर मी आत जातोय अन् समोरचा आऊट. मागच्या साली दोन चेंडू खेळलोय."

मला एकदम भाकरी कडू लागली. मी त्याला म्हटलं, मी बोलते कमिटीशी. तो म्हणाला, तू बोलू नकोस. म्हणजे बोलायला पाहिजे.

१० डिसेंबर, रविवार

कमिटी देवळात बसली. कमिटी म्हणजे हैबतराव, कुशाबा आणि माना हलवायला तिघे. मी बाहेर पाराच्या पायरीवर बसले. आधी आम्हाला देवळात येऊ देत नव्हते, आता आम्हालाच जायचं नाही. दोन्ही वेळी मी बाहेरच, पण आताचं बाहेर बसणं जास्त चांगलं लागतं.

तिथनंच हाक मारली. "जयभीम पाटील! औंदा भिवाला वर घ्या. कारखान्याचा सायेब यायचाय. पोराच्या नोकरीचं हाय."

"सायेब येऊंद्या न्हाईतर कलेक्टर," कुशाबा म्हणाला, "इड्याचा क्रम काय त्येला इचारून लावलाय व्हय?"

"मग कुनाला इचारून लावलाय?"

"वाडवडलांला."

"वाडवडील किरकेट खेळत व्हते व्हय, कुशाबा? मला ठावं नव्हतं."

माना हलवणारे तिघे हसले. पाटलांनी बघितल्यावर परत माना हलवायला लागले.

पाटील तसे वाईट नाहीत, सावकाश बोलतात. म्हणाले, "साळूबाई, तुजा नातू झ्याक खेळतुया, मला का दिसत न्हाई? पर आज त्येला वर घेतला तर उद्या सुतार म्हनंल मला तिसरा द्या, न्हावी म्हनंल मला दुसरा. गाव हाय ह्ये. एक खिळा काढला की समदं खिळखिळं व्हतंय."

"आताच कुटं घट्ट हाय? मागच्या साली धा जनांनी मिळून एकसष्ट केलं."

"चौसष्ट," कुशाबा म्हणाला.

"चुकलं माझं. लईच केलं."

बाहेर बसलेल्या बाईला शेवटचं बोलू देतात, कारण तेवढ्यात आतले उठून गेलेले असतात.

१७ डिसेंबर, रविवार

बंगलोरची टेस चालू आहे, पण आज कुणाचं रेडिओकडे लक्ष नव्हतं. भिवा पाण्याला गेलेला. पोरं अंगणात पाय पसरून बसलेली, जयसिंग मध्ये, गाल फुगवून.

"आज्जे, मी दादांच्या पाया पडलो," तो म्हणाला. "न्हाईच म्हनत्यात. मी नावाचा कप्तान. दोनी बॅटी त्येंच्या कपाटात, किल्ली त्येंच्या करदोट्याला."

कोंडिबाही होता. कुशाबाचा पुतण्या, दुसऱ्या विड्याचा मानकरी. त्याला सगळे धोंडा म्हणतात, कारण तो आऊट होत नाही आणि रनही काढत नाही, नुसता पुरलेला असतो. गेल्या वर्षी तासाभरात तीन रन काढले. जयसिंगचं उलटं, पहिल्याच षटकात आभाळात फटका मारायचा आणि पाणी प्यायला परत यायचं.

त्यांची तोंडं बघवेनात. मी म्हटलं, "अरं, अकरावा म्हंजे काय लांब हाय व्हय? तुमी धा जन जाऊन माघारी येईस्तोवर माजा चा बी उकळत न्हाई. औंदा आनिक जरा घाई करा, म्हंजे भिवा न्याहारीलाच बॅटिंगला!"

सगळी हसली. जयसिंग हसला नाही. "आज्जे, परत म्हन."

"काय?"

"घाईचं."

मी परत म्हटलं, पण विनोद दुसऱ्यांदा सांगितला की त्यातला जीव जातो. कुणी हसेना. जयसिंगने कोंडिबाकडे बघितलं, कोंडिबाने सुताराच्या धाकट्याकडे.

"पर येकजन तेवढा दुसऱ्या टोकाला उभा ऱ्हायला पायजे," कोंडिबा म्हणाला.

"त्यो मी ऱ्हातो," जयसिंग म्हणाला.

"तू? तू कवा उभा ऱ्हायलाईस?"

मला वाटलं, हे बंगलोरला जाऊन खेळायच्या गप्पा मारतायत. गुळाचा डबा रिकामा झालाय, उद्या पौडच्या बाजाराला जाणाऱ्या कुणाला तरी सांगायला हवं.

२१ डिसेंबर, गुरुवार

मी आणि शेजारची रत्नाबाई, आम्ही पिच सारवलं. खळं सारवतात तसंच, शेणकाला करून. हे काम आमच्या वस्तीतल्या बायांचं. पिचला आमचा हात चालतो, विड्याला चालत नाही.

येताना पेंढ्याच्या गंजीआड पोरं बसलेली दिसली. कुणीतरी म्हणालं, "भिवाला कळता कामा नये. त्यो आयकायचा न्हाई." मला बघून गप्प.

मी म्हटलं, "भिवाला तमाशाला न्यायचा बेत असंल तर सामना झाल्यावर न्या रे."

कोंडिबा हसता हसता गंजीत पडला. "तमाशाच हाय, आज्जे. रविवारी हाय. तू बी ये."

पलीकडे दोन पोरं जयसिंगच्या अंगावर सारखे चेंडू फेकत होती आणि तो नुसती एक फळी पुढं करून थांबवत होता. एक फटका मारला नाही. मला वाटलं ताप आलाय. रत्नाबाई म्हणाली, "पाटलाचं पोर सुधारलं गं." मी म्हटलं, उतरंल दोन दिसांत.

२३ डिसेंबर, शनिवार

टेसचा पहिला दिवस. आपण आधी खेळलो, सगळे मिळून अठ्ठावन्न. म्हणजे गेल्या वर्षीपेक्षाही मानाने. कोंडिबा धोंडा होऊन बसला, जयसिंग पहिल्या षटकात आभाळात मारून परत. भिवाला दोन चेंडू मिळाले. एक ओढ्यात घातला, दुसऱ्यावर एक पळाला, आणि समोरचा आऊट. मुठ्याने सूर्य बुडेपर्यंत आपल्या दुप्पट धावा केल्या.

भिवा जेवला नाही. मी म्हटलं, उद्या सायेब येतोय. तो म्हणाला, "येऊंदे. मला बसलेला बघंल. म्हनंल, बसतो झ्याक."

मी त्याचं ताट झाकून ठेवलं.

२४ डिसेंबर, रविवार

कुठनं सुरू करू? आनंदाने माणसाचं अक्षर बिघडतं हे बाईंना सांगायला पाहिजे.

मुठ्याच्या बाजूला झाडाखाली खुर्ची, खुर्चीत साहेब. डोक्याला टोपी, मनगटाला घड्याळ, आणि सारखं घड्याळाकडे बघणं. आमच्या बाजूला कमिटी, पुढ्यात पानांचं तबक. मी आणि रत्नाबाई बांधावर.

पहिले दोन विडे, जयसिंग आणि कोंडिबा गेले. आणि अहो काय सांगू, कोंडिबा, तो धोंडा, ज्याला बैलजोडी लावली तरी हलत नाही, तो दुसऱ्याच चेंडूला पुढं पळत सुटला, बॅट खांद्यावर टाकून, जसा काय एस.टी. पकडायला निघालाय. मागे दांड्या पडल्या. परत आला तो शीळ घालत! लाज म्हणून नाही. मी बांधावरनं ओरडले, "कोंड्या, दांड्या तिकडं ऱ्हाईल्या रं, घ्यून ये!" तर मला रामराम घातला.

मग तिसरा गेला, त्याने पहिलाच चेंडू सरळ मुठ्याच्या गड्याच्या हातात दिला, प्रसाद द्यावा तसा. चौथ्याने स्वतःची बॅट स्वतःच्याच दांड्यांवर मारली आणि बोलिंगवाल्याला म्हणाला, "माफ करा हं." सुताराचा धाकटा धाव काढायला निघाला आणि मध्येच उभा राहून ढगांकडे बघायला लागला. आभाळात ढग नव्हते. ह्यांची बॅटिंग कच्ची आहे हे मला माहीत होतं, पण आज तर नुसतं पीठ. दरसाल वाईट खेळतात तरी त्यात काही कष्ट दिसायचे.

कुशाबाला विडे लावायला सवड मिळेना. एकाचं पान दुमडतोय तोवर पुढचा उभा. घाईत चुना लावायचा राहिला, मग एकाला नुसता चुनाच लागला, त्याचं तोंड भाजलं. तोही शून्यावर आला, आणि पाणी पिऊन हसत बसला.

"अरं काय चाललंय काय?" पाटील उभे राहिले. "भानामती झालीया का?"

एकटा जयसिंग उभा. मारत नाही, पळत नाही, चेंडू आला की बॅट पुढं. एक चेंडू बरगडीत बसला, एक हाताच्या बोटांवर. हाताला फुंकर मारून परत उभा.

"जयसिंगा, मार की रं!" पाटील ओरडले. "पाटलाचा हायस न्हवं?"

"उभा हाय, दादा!" तो तिकडनं ओरडला. "उभा तर ऱ्हाऊंद्या!"

नऊ गडी बाद, रन चोवीस, तेही निम्मे मुठ्याच्या पोरांनी चेंडू इकडंतिकडं टाकल्यामुळे. सूर्य अजून डोक्यावर यायचा होता. साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. मला वाटलं, उठले आता. आणि भिवा निघाला. विडा नाही. तबकात पान तरी कुठं उरलं होतं?

गेला तो थेट जयसिंगकडे, आणि काय ते भांडण! हातवारे, मान हलवणं. एकदा तर भिवा परत फिरला. जयसिंगने त्याच्या खांद्याला धरून गर्रकन फिरवलं आणि दांड्यांकडे ढकललं. मी रत्नाबाईला म्हटलं, बघ, ऐन वेळी कसली भांडणं काढत्यात. पोरांना अक्कल म्हणून नसते.

मग भिवा खेळला.

मी सगळं लिहू शकत नाही. पहिला चेंडू त्याने जमिनीलगत असा मारला की खाचराचा बांध चढून गेला. दुसरा माझ्या डोक्यावरनं. मुठ्याचा तो आडदांड बोलिंगवाला लांबनं पळत यायचा आणि भिवा त्याची वाट बघत उभा असायचा, दारात पाहुण्याची बघावी तशी. आमची शून्यावर आलेली पोरं ओढ्याच्या पलीकडे जाऊन ओळीने बसली, आधीच. षटक संपत आलं की दोघं एक धाव पळायचे, म्हणजे परत भिवाच पुढं. जयसिंग पळताना बरगडी धरून पळायचा.

मध्ये एकदा साहेबांनी घड्याळ बघितलं. मग बघायचं सोडून दिलं. मग खुर्ची उचलून स्वतःच्या हाताने उन्हात पुढं आणली. तीनची एस.टी. घाटातनं भोंगा वाजवत गेली, तिच्याकडे मान वळवून पाहिलंही नाही.

भिवाने सत्तरच्या वर केल्या, आणि शेवटी ओढ्याच्या काठाशी एकाने झेल घेतला, पाण्यात बसून. जयसिंग शेवटपर्यंत उभा, रन चार.

मग मुठ्याने लागत होत्या तेवढ्या केल्या आणि आपण हरलो. हे लिहायचं राहून जात होतं.

साहेबांनी भिवाच्या खांद्यावर हात ठेवला. मी जवळच होते, म्हणजे तोवर जवळ पोचले होते. म्हणाले, "एक तारखेला सकाळी कारखान्याच्या गेटवर ये. मी सांगून ठेवतो." मी खाचरात नाचले. रत्नाबाई म्हणाली, गुडघं दुखतील. दुखतायत.

२५ डिसेंबर, सोमवार

काल संध्याकाळी भिवा आणि जयसिंग नदीवर किती वेळ बसले होते. आला तेव्हा डोळे लाल.

"आज्जे," म्हणाला, "ती पोरं..." आणि थांबला.

"हरलो म्हनून वाईट वाटतंय व्हय रं? त्येंचं काय मनावर घ्यायचं. त्येंना बॅटिंग येतच न्हाई."

तो मग हसायला लागला, आणि हसता हसता परत डोळे पुसले. म्हणाला, "पर रन तर माजंच हायेत ना, आज्जे?"

"मग काय पाटलाचं? समदं तुजंच. मी बगितलंय."

हे ऐकून जेवला. तीन भाकरी.

२८ डिसेंबर, गुरुवार

कमिटी बसली. विषय, नऊ गडी शून्याच्या आसपास का गेले? मी पायरीवर.

एक जण म्हणाला, पिच सारवताना शेण कमी पडलं. मी म्हटलं, कमी न्हवतं, तुमाला लागलं असतं तर आनिक दिलं असतं. कुशाबा म्हणाला, चुना लावायचा राहिला म्हणून देव रुसला. शेवटी असं ठरलं की पुढच्या वर्षी तबकाजवळ चुन्यासाठी वेगळा माणूस नेमायचा. म्हणजे कमिटीत एक जण वाढला. एका शहाण्याचं काम आता सहा जण करणार.

आणि पाटील छाती काढून बोलले, "ह्याच्यातनं एकच दिसलं. समदी पडली, पर पयल्या इड्याचं घर शेवटपर्यंत उभं ऱ्हायलं. आपला क्रम बरोबर हाय." तिघांनी माना हलवल्या. जयसिंग बरगडीला हळद लावून खांबाशी बसला होता. त्याला एवढा खोकला आला की उठून बाहेर गेला.

१ जानेवारी १९७९, सोमवार

भिवा पहाटेच्या गाडीने गेला. पांढरा सदरा, त्याच्या बापाचे बूट, पुढं चिंधी कोंबलेले. दहाच्या दहा पोरं थंडीत एस.टी.पर्यंत पोचवायला आलेली. मी सगळ्यांच्या हातावर गूळ-खोबरं ठेवलं. वाटताना राहवेना, म्हटलं, "घ्या, घ्या. तुमाला खेळाया येत न्हाई ह्यात तुमचा काय दोष?"

"काय बी दोष न्हाई, आज्जे," कोंडिबा म्हणाला. "आनिक जरा खोबरं दे."

आणि सगळी अशी हसली की कंडक्टरही खिडकीतनं बघायला लागला. भिवाने गाडीतनं हात बाहेर काढून एकेकाचा हात धरला, कोंडिबाचा सुटेचना. शून्यावर आऊट झालेली माणसं इतकी खूश मी आजवर बघितली नव्हती. ह्या पोरांचं पुढं कसं व्हायचं कोण जाणे.

१७ जानेवारी, बुधवार

काल मद्रासची टेस आपण जिंकलो. थोड्याच धावा करायच्या होत्या, त्यातही सात गडी घालवले. अंगणातली सगळी नखं खात होती. मी म्हटलं, घाबरताय कशाला, अजून अकरावा यायचाय. मला आता शेवटच्या गड्याची वाट बघायची सवय लागलीय.

आज दुपारी मात्र वेगळंच. अंगणात हैबतराव पाटील आणि कुशाबा! पाटील आमच्या दारात कधी आलेले मला आठवत नाही. जयसिंग मागे, मान खाली घालून. मी घोंगडी अंथरली. बसले, कडेकडेने.

भिवाला नोकरी लागली, पगार सुरू झाला, हे गावभर झालंय. आणि कारखान्याचा साहेब पुढच्या वर्षीही बघायला येणार, हेही. आणि साहेबाने म्हणे मुठ्यात सांगितलं, त्यांचा अकरावा कोण आहे तेवढा मला दाखवा.

"तर साळूबाई," पाटील म्हणाले, "अकराव्याचं ठरवायचं व्हतं. भिवा गेला. जागा मोकळी झाली."

"अकराव्याचा मान मूळचा आमच्या घराचा," कुशाबा म्हणाला. "माजा आज्जा सांगायचा."

"तुज्या आज्ज्याला धाच इडं ठावं व्हते," पाटील म्हणाले. "पयला आनि शेवटचा, दोनी टोकं पाटलाची असत्यात."

"म्हंजे पाटील धाकल्याला घुसवनार!"

"आन् तू नातवाला!"

भांडले! माझ्या अंगणात बसून, अकराव्या नंबरासाठी. मी चहा ठेवला, असं ऐकायला मिळतं तेव्हा दूध जास्त घालावं. चहा झाल्यावर जयसिंग सवयीने उठला, आत गेला आणि खुंटीवरनं निळ्या काठाचा आपला कप घेऊन आला. मग त्याच्या लक्षात आलं. पाटलांनी त्या कपाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याने कप पुढं केला, मी ओतला. बाकी दोघांपुढंही एकेक कप ठेवला. प्या म्हटलं नाही.

"तूच सांग साळूबाई," पाटील म्हणाले. "तुमच्याकडं व्हती जागा. कुनाला द्यायची?"

"इडा देनार हाय का तिला आता?"

"देऊ की. इडा देऊ, नारळ देऊ."

"मग आयका पाटील," मी म्हटलं. "छप्पन साली आमी समदं मान परत केलं, एक बी ठिवला न्हाई. पर ह्यो आमाला इंग्रजांनी दिलाय, तुमी न्हाई. ह्यो आमी टाकत न्हाई. रत्नाबाईचा पोरगा खेळंल. तुमच्या पोरांना लईच हौस असंल तर त्येंना म्हनावं आधी उभं ऱ्हायला शिका, एकट्या जयसिंगावर किती भार टाकायचा?"

जयसिंगला परत तो खोकला आला. औषध बघायला हवं त्याच्यावर.

पाटील धोतराचा काठ बोटाने चोळत बसले. मग उठले आणि कुशाबाला घेऊन निघून गेले, काही न ठरवता. कमिटी आहे, तिला सवय आहे.

कप उचलायला गेले तर कुशाबाचा भरलेला, वर साय धरलेली. पाटलांचा रिकामा. कधी प्यायले, मला दिसलं नाही, कदाचित त्यांनाही नाही.

मी कुणाला सांगणार नाही. चहा माझा, चोरी त्यांची.